सूर्यवाऱ्यातील चुंबकीय पीळ आणि ते ओळखण्याची विद्या

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनातील व्याख्यानासाठी मंडळाने आम्हांस पाचारण केले, तेव्हा विषयाची निवड आमच्याच मर्जीवर सोपविली होती. या व्यासपीठावरून इतिहास, संतवाङ्मय, सहकार, शेती अशा विषयांवर पुष्कळ भाषणे झाली आहेत. त्या मालिकेत अंतराळातील चुंबकत्व हा विषय काहीसा उपरा वाटेल. "याचा आपल्याशी काय संबंध?" असे काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात आले तर त्यांस आम्ही दोष देणार नाही. तथापि संबंध आहे, आणि तो घरातल्या विजेच्या दिव्याइतका जवळचा आहे. शिवाय आजच ज्या मुलामुलींचा गुणगौरव झाला त्यांतील कित्येक विज्ञानशाखेकडे जाणार आहेत. त्यांच्यापुढे तयार उत्तरांचे शास्त्र न ठेवता, ज्यातील मुख्य प्रश्न अजून सुटावयाचा आहे असे शास्त्र ठेवावे, हाही आमचा हेतू आहे.

प्रथम अंतराळ म्हणजे पोकळी ही समजूत बाजूस सारली पाहिजे. वायू पुरेसा तापला म्हणजे त्यातील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि धन व ऋण विद्युत्भारांच्या कणांचे एक मिश्रण तयार होते. त्यास प्लाझ्मा म्हणतात. सूर्याच्या बाह्य वातावरणातून असा प्लाझ्मा सर्व दिशांना अखंड वाहत असतो. १९५१ साली जर्मन शास्त्रज्ञ लुडविग बिअरमान यांनी धूमकेतूंच्या शेपट्यांच्या अभ्यासावरून असा प्रवाह असला पाहिजे, असे अनुमान केले. १९५८ साली अमेरिकेतील यूजीन पार्कर यांनी तो का व कसा वाहतो याचे गणित मांडले आणि त्यास 'सौर वारा' हे नाव दिले. पार्करांचा तो निबंध दोन परीक्षकांनी नापसंत केला होता. संपादकपदी सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर होते. त्यांनी गणितात चूक सापडत नाही एवढे पाहिले आणि निबंध छापला. चार वर्षांनी, १९६२ साली, शुक्राकडे निघालेल्या मरीनर-२ या यानाने वाटेत हा वारा प्रत्यक्ष मोजला व वाद मिटला.

हा वारा अतिशय विरळ असतो. पृथ्वीजवळ एका घनसेंटिमीटरमध्ये पाच-दहा कण, एवढीच त्याची दाटी. वेग मात्र सेकंदाला तीनशे ते आठशे किलोमीटर. तो आपल्याबरोबर सूर्याचे चुंबकक्षेत्रही ओढून आणतो. कारण विद्युत्वाहक द्रवात किंवा वायूत चुंबकरेषा जणू गोठून बसतात व प्रवाह जाईल तिकडे जातात. हा सिद्धांत स्वीडनचे हान्नेस आल्फ्वेन यांचा. पृथ्वीजवळ या क्षेत्राचे बळ साधारणतः पाच नॅनोटेस्ला असते. आपण बसलो आहोत तेथे पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लाच्या वर आहे. म्हणजे मोजावयाची वस्तू आपल्या नित्य परिचयाच्या क्षेत्राच्या आठ-दहा हजारांश!

इतकी सूक्ष्म वस्तू मोजणाऱ्यांची एक जुनी परंपरा आपल्या दाराशी आहे, तिचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ सालापासून भूचुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्यावरील डाग कागदावर उतरवीत असता त्यांना त्या डागांवर एक लखलखीत झोत दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीचे चुंबकक्षेत्र सर्व जगभर हादरले. त्या प्रसंगी कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून, हातांनी लिहून ठेवलेल्या आकड्यांत क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलेला दिसतो. युरोपातील पुष्कळ वेधशाळांची उपकरणे त्या दिवशी मापाच्या बाहेर गेली होती. कुलाब्याचे स्थान विषुववृत्ताकडे असल्याने तेथील नोंद वादळाचे बळ ठरविण्यास विशेष उपयोगी पडली. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००३ साली ही नोंद पुन्हा जगापुढे मांडली, आणि आजही त्या वादळाची चर्चा कुलाब्याच्या आकड्यांवाचून पुरी होत नाही.

पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने लोहचुंबक विचलित होतात. तेव्हा कुलाब्यास यापुढे खरी मोजणी होणे अशक्य होते. संचालक नानाभाई मूस यांनी ट्राम धावू लागण्यापूर्वीच अलिबागची जागा निश्चित केली, लोहअंश नसलेले दगड वापरून तेथे इमारती उभारविल्या, आणि १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा व अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी ठेवून मगच कुलाब्याची मोजणी बंद केली. त्यामुळे साखळी तुटली नाही. हा दूरदर्शीपणा आम्हांस कोणत्याही शोधाइतकाच मोलाचा वाटतो. पुढील विवेचनात या ट्रामगाड्यांची पुन्हा गाठ पडणार आहे.

आता यानाकडे वळू. यानावर जे चुंबकमापक असते त्यात मऊ चुंबकीय धातूच्या गाभ्याभोवती तारेची वेटोळी असतात. गाभ्यास आळीपाळीने दोन्ही दिशांनी पूर्ण चुंबकित केले जाते. बाहेर क्षेत्र नसेल तर दोन्ही फेऱ्या सारख्या होतात. बाहेर क्षेत्र असेल तर एक फेरी दुसरीहून थोडी निराळी होते, व त्या फरकावरून क्षेत्राचे बळ कळते. असे तीन मापक परस्परांशी काटकोनात बसविले म्हणजे दर क्षणाला तीन आकडे मिळतात. अडचण येते ती यानाच्या स्वतःच्या विजेची. सूर्यपट्ट्या, विद्युत्घट, तारा, मोटारी या सर्वांचे क्षेत्र मिसळते. म्हणजे यान स्वतःच आपल्याबरोबर ट्रामगाड्या घेऊन निघालेले असते! म्हणून मापक लांब दांडीच्या टोकाला बसवितात. आपल्या आदित्य-एल१ या यानावर सहा मीटरची अशी दांडी आहे. तिच्यावर एक मापक टोकाला व दुसरा मध्यावर आहे. यानाचे क्षेत्र अंतराबरोबर कमी होते, सौर वाऱ्याचे क्षेत्र दोन्ही ठिकाणी एकच असते. दोन्ही वाचनांच्या फरकावरून यानाचा वाटा वजा करता येतो. मूस यांनी दोन ठिकाणी नोंदी ठेवल्या, त्या युक्तीची ही भावंडच म्हणावी.

असो. आकडे मिळाले. परंतु आकड्यांची रांग म्हणजे वस्तू नव्हे. रेल्वेच्या फाटकावरील चौकीत बसलेल्या माणसास भिंतीच्या एका फटीतून मालगाडी जाताना दिसते, तशी यानाची स्थिती असते. फटीसमोरून जे गेले तेवढेच त्यास कळते. डब्याची उंची किती, पलीकडच्या बाजूस काय, हे त्यास तर्काने ठरवावे लागते. यान त्या भव्य प्रवाहात जवळजवळ स्थिर उभे असते आणि प्रवाह त्याच्यावरून वाहून जातो. प्रवाहाचा वेग त्यातील चुंबकीय तरंगांच्या वेगाहून बराच अधिक असल्याने, वस्तू यानावरून जाईपर्यंत तिचा आकार फारसा बदलत नाही असे धरतात. इंग्रज शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३८ साली वायुप्रवाहांसाठी हे गृहीतक वापरले, तेच येथे उपयोगी पडते. मग वेळेस वेगाने गुणले की लांबी मिळते. एखादी रचना यानावरून जावयास चोवीस तास लागले आणि वारा सेकंदाला चारशे किलोमीटर वाहत असला, तर तिची रुंदी सुमारे साडेतीन कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराच्या जवळजवळ एक चतुर्थांश भरते.

हे उदाहरण आम्ही हवेतून आणलेले नाही. १९८१ साली लिओनार्ड बर्लागा व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हॉयेजरची जोडी, हेलिओसची जोडी आणि पृथ्वीभोवतालचे आय. एम. पी.-८ अशा पाच यानांच्या जानेवारी १९७८ मधील नोंदी एकत्र ठेवल्या. एका आघात-तरंगाच्या मागोमाग अशी एक प्रचंड रचना त्यांना आढळली. तिला त्यांनी 'चुंबकीय मेघ' हे नाव दिले. तिच्या ओळखीच्या तीन खुणा ठरल्या. क्षेत्राचे बळ नेहमीपेक्षा अधिक; क्षेत्राची दिशा गचके न खाता, संथपणे, मोठ्या कोनातून वळत जाणे; आणि प्रोटॉनांचे तापमान नेहमीपेक्षा कमी. तिन्ही एकत्र पाहिजेत. एकट्या खुणेवर विसंबणारा फसतो, कारण दाबलेल्या वाऱ्यातही क्षेत्र वाढते आणि तरंगांतही दिशा वळते.

दिशा का वळते हे ध्यानी येण्यासाठी काथ्याचा जाड दोर डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या अगदी मधला धागा दोराच्या लांबीने सरळ जातो. बाहेरचे धागे पीळ घेतात, आणि सर्वांत बाहेरचे तर जवळजवळ आडवे गुंडाळलेले असतात. धाग्यांच्या जागी चुंबकरेषा कल्पाव्यात. आता हा दोर आडवा धरून एखादी सुई त्यातून समोरून मागे आरपार नेली, तर आत शिरताना तिला भेटणारे धागे, समजा, खाली जाणारे असतात, मध्यावर लांबीच्या दिशेने जाणारे आणि बाहेर पडताना वर जाणारे. म्हणजे क्षेत्र दक्षिणेकडून अक्षाच्या दिशेतून उत्तरेकडे वळत गेले. पीळ उजवा की डावा, आणि अक्षातील क्षेत्र कोणत्या टोकाकडे, यांवरून हा क्रम बदलतो. अशा दोरातील क्षेत्राचे गणिती रूप स्वीडनच्या लुंडक्विस्ट यांनी १९५० सालीच बेसेल फलांच्या साहाय्याने मांडून ठेवले होते. वापरणारा मिळावयास मात्र अंतराळयुग यावे लागले.

यानाला ही वळणे सूर्य-पृथ्वीच्या दिशांना बांधलेल्या तीन आकड्यांत मिळतात. दोर मात्र आपल्या सोयीच्या दिशेने थोडाच येतो! तो तिरपा असतो. त्याची स्वतःची दिशा शोधण्याची जी रीत आहे ती १९६७ साली सोनेरप आणि काहिल यांनी प्रसिद्ध केली. एक्सप्लोरर-१२ या उपग्रहाने पृथ्वीच्या चुंबकावरणाची सीमा ओलांडताना केलेल्या नोंदींवर त्यांनी ती वापरली. रीतीचे सार असे. चुंबकरेषा कोठेही तुटत नाहीत. म्हणून एखाद्या पातळ पडद्यातून आरपार जाताना पडद्याच्या लंब दिशेतील क्षेत्राचा घटक बदलू शकत नाही. तेव्हा सर्व नोंदी घेऊन, ज्या दिशेत क्षेत्राचा घटक कमीत कमी बदलला ती दिशा शोधावी. तोच पडद्याचा लंब. तीन घटकांच्या चढउतारांचे तीन ओळी व तीन रकान्यांचे एक कोष्टक मांडून त्याची आयगेन मूल्ये काढली की तीन परस्परलंब दिशा आपोआप हाती येतात: एक सर्वाधिक बदलाची, एक मधली, एक कमीत कमी बदलाची. पिळाच्या दोराबाबत ही मधली दिशा अक्षाच्या जवळपास येते. कारण गुंडाळलेला घटक उणेकडून अधिककडे पूर्ण फिरतो, अक्षाचा घटक शून्याजवळून चढून पुन्हा उतरतो, आणि तिसरा जवळजवळ जागचा हलत नाही.

या रीतीने उत्तर नेहमीच मिळते, आणि हाच तिच्यातील धोका. कोणतेही आकडे कोष्टकात घातले तरी तीन दिशा निघतातच. यदृच्छेने उधळलेले आकडे घातले तरीही! म्हणून मूल्यांचे परस्परांशी प्रमाण पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. मधले मूल्य लहान मूल्याच्या निदान दुप्पट नसेल, तर त्या दोन दिशांत भेद करण्याचा अधिकारच आपणांस राहत नाही, आणि यान दोराच्या मध्यापासून दूर, कडेकडेने गेले असेल तर मिळालेला अक्ष पुष्कळच चुकतो. आमच्या पाहण्यात असे आले आहे की विद्यार्थी दिशा काढतात आणि प्रमाण लिहीत नाहीत. हे तराजूचा काटा न पाहता वजन सांगण्यासारखे आहे.

पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या सीमेवर अशाच, पण पुष्कळ लहान रचना सापडतात. १९७८ साली क्रिस्टोफर रसेल आणि रिचर्ड एल्फिक यांनी आय. एस. ई. ई. या जोडयानांच्या नोंदींत त्या ओळखल्या. सीमेला लंब असणारा घटक आधी एका बाजूस उसळी घेतो व लगेच दुसऱ्या बाजूस, अशी त्यांची जोडखूण असते. सौर वाऱ्याचे व पृथ्वीचे क्षेत्र तेथे परस्परांत मिसळून हे पुडे सुटतात. त्यांच्याविषयी अधिक सांगण्याचा मोह आवरतो.

दोराचा पीळ ओळखण्याची याहून कसदार रीत पुढे निघाली, व आमच्या मते या क्षेत्रातील ती सर्वांत सुंदर आहे. रचना तिच्या लांबीच्या दिशेने एकसारखी आहे आणि तोल सावरून आहे, म्हणजे वायूचा दाब व चुंबकीय बळे यांची आत बरोबरी झाली आहे, एवढे धरले तर तिचे वर्णन ग्रॅड आणि शाफ्रानॉव्ह यांच्या नावाच्या समीकरणाने करता येते. हे समीकरण मुळात पृथ्वीवरील अणुसंमीलनाच्या यंत्रांसाठी. सोनेरप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात ते यानांच्या नोंदींना लावले, आणि पुढे चियांग हू यांनी ते सौर वाऱ्यातील दोरांसाठी वापरले. त्यातील कसोटी कांद्याच्या दृष्टांताने चटकन समजेल. कांदा मधोमध चिरत गेले की जे पापुद्रे आत जाताना लागतात, तेच उलट क्रमाने बाहेर येताना पुन्हा लागतात. खऱ्या दोरात प्रत्येक पापुद्र्यावर वायूचा दाब व अक्षाच्या दिशेतील क्षेत्राचा दाब यांची बेरीज ठरावीक असते. तेव्हा यान आत जाताना मोजलेल्या बेरजा आणि बाहेर येताना मोजलेल्या बेरजा एकमेकींवर तंतोतंत बसल्या पाहिजेत. अक्ष ठाऊक नसतो. म्हणून अनेक दिशा कल्पून पाहतात आणि जिच्यात दोन्ही रांगा उत्तम जुळतात ती खरी मानतात. मग त्या एका रेषेवरील आकड्यांपासून दोन्ही अंगांना समीकरण सोडवीत गेले की दोराच्या आडव्या छेदाचा नकाशाच तयार होतो. फटीतून पाहणाऱ्या चौकीदारास डब्याचा आकार काढता आला!

ही कसोटी संगणकाकडे सोपविता येते, हा तिचा मोठा गुण. १९९४ च्या नोव्हेंबरात सोडलेल्या विंड या यानाच्या १९९६ ते २०१६ या एकवीस वर्षांच्या नोंदी अशा रीतीने चाळल्या गेल्या, आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत ७४,२४१ लहान चुंबकीय दोर निघाले. त्यांतील प्रत्येकास यानावरून जाण्यास ९ मिनिटे ते ३६१ मिनिटे लागली होती. दिवसास सरासरी नऊ-दहा दोर झाले. पूर्वी डोळ्यांनी पाहून निवडलेल्या याद्यांत काहीशेच असत.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. चाळणी ज्या मापाची असेल त्या मापाचेच दाणे खाली पडतात. तोल सावरलेली, लांबट, दुहेरी घडी जुळणारी रचना शोधावयास निघालेला संगणक तसल्याच रचना दाखविणार. आकडेवारीची संख्या मोठी झाली म्हणजे ती खरी झाली, असे नव्हे. विशेषतः आल्फ्वेन यांच्या नावाचे तरंग या कामी फार फसवितात. त्यांतही क्षेत्राची दिशा डौलाने वळते. परंतु त्यांत प्लाझ्माचा वेग क्षेत्राबरोबर पावलास पाऊल टाकून बदलतो, आणि स्थिर दोरात तसे होत नाही. म्हणून त्या यादीच्या कर्त्यांनी वेग व क्षेत्र यांचा असा मेळ आढळला की ती नोंद वगळली. हे योग्यच केले. २०१८ साली निघालेल्या पार्कर यानाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सूर्याजवळून पहिली फेरी घेतली, तेव्हा चुंबकरेषांना इंग्रजी एस अक्षरासारख्या उलट घड्या पडलेल्या ठिकठिकाणी दिसल्या. क्षेत्र क्षणात उलटते, बळ तेवढेच राहते, आणि वेगाची उसळी सोबत असते. घाईने पाहणारा यांसही दोर म्हणेल. लहान दोर सूर्यावरच जन्मतात की वाटेतल्या खळबळीतून वळले जातात, हा वाद याद्या मोठ्या होऊनही मिटलेला नाही.

एका यानाची ही लंगडी बाजू भरून काढण्यासाठी चार याने एकदम पाठविण्याची कल्पना निघाली. चार बिंदू एका पातळीत नसले म्हणजे अवकाशाच्या तिन्ही दिशांत क्षेत्र कसे बदलते हे एकाच क्षणी कळते, आणि त्यावरून तेथील विद्युत्प्रवाह थेट काढता येतो. गृहीतके कमी लागतात. युरोपीय संस्थेची अशी चार 'क्लस्टर' याने ४ जून १९९६ रोजी नव्या आरियान-५ अग्निबाणावर चढविली. उड्डाणानंतर जेमतेम चाळीस सेकंदांत बाण भरकटून फुटला. मोठी संख्या लहान जागेत कोंबणारा संगणकाच्या आज्ञावलीतील एक दोष त्यास कारण झाला. दहा वर्षांची मेहनत दलदलीत विखुरली. त्या मंडळींनी पुन्हा चार याने बांधली आणि २००० साली ती सुखरूप पोहोचली. २०१५ साली अमेरिकेने पाठविलेली दुसरी चौकडी तर परस्परांपासून अवघ्या सात किलोमीटरवर येऊन उडाली आहे. पण चौकडीची फूटपट्टी तिच्या परस्पर अंतराएवढीच. साडेतीन कोटी किलोमीटरच्या मेघासमोर ती चारही याने मिळून एकच बिंदू ठरतात.

आता आरंभी उल्लेखिलेल्या विजेच्या दिव्याकडे येतो. पृथ्वीचे क्षेत्र विषुववृत्ताच्या बाजूस उत्तरेकडे रोखलेले असते. येणाऱ्या दोरातील क्षेत्र दक्षिणेकडे रोखलेले असेल तर दोन्हींच्या रेषा परस्परांना छेदून जोडल्या जातात आणि सौर वाऱ्याची ऊर्जा आत शिरते. ते उत्तरेकडे असेल तर दार बहुतांशी बंद राहते. १९६१ साली जेम्स डंगी यांनी ही कल्पना मांडली. म्हणजे मेघ केवढा व किती वेगाने येतो एवढे कळून भागत नाही. त्याच्या पोटात क्षेत्र कोणत्या दिशेस आहे हेच निर्णायक. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्युबेक प्रांताची वीजव्यवस्था दीड मिनिटात कोसळली आणि साठ लाख माणसे सुमारे नऊ तास अंधारात राहिली. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी सुमारे चाळीस, मध्यम प्रतीच्याच एका वादळाने वरचे वातावरण फुगविल्यामुळे, खाली येऊन जळाले. आपल्या अक्षांशावर विजेच्या जाळ्यास धोका उत्तरेकडील देशांहून कमी आहे. उपग्रह, दळणवळण आणि स्थाननिर्देश यांना मात्र अक्षांशाचे कवच नाही.

सूर्यावरून मेघ निघाला हे दुर्बिणीतून दिसते. त्यातील क्षेत्राची दिशा दिसत नाही. ती कळते, मेघ यानावरून जाऊ लागल्यावर. ही याने पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवर, एल-१ या समतोल बिंदूपाशी ठेवलेली असतात. वारा सेकंदाला पाचशे किलोमीटर असेल तर सूचना पन्नास मिनिटे आधी मिळते. आठशे असेल तर अर्धा तास. तेवढ्यात वीजकेंद्रावरील माणसाने भार उतरवावा की नाही, हे ठरवावयाचे. दोराचा पुढील अर्धा भाग उत्तरमुखी निघाला, तर मागील अर्धा दक्षिणमुखी असण्याचा संभव मोठा. पण किती वेळाने, किती जोरात? अर्ध्या दोरावरून उरलेला अर्धा ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि अडचण अशी की यान दोराच्या मध्याला पोहोचेपर्यंत गणितातील अनेक उत्तरे सारखीच जुळताना दिसतात. मध्य ओलांडल्यावर उत्तर निश्चित होते, तेव्हा वादळ पृथ्वीवर येऊन ठेपलेले असते. विनाकारण भार उतरविला तर नुकसान, वेळेवर न उतरविला तर मोठे नुकसान. हा हिशेब कोणा शास्त्रज्ञास एकट्याने करता येण्याजोगा नाही.

या मोक्याच्या जागी आपलेही यान पोहोचले आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ रोजी तेथे स्थिर झाले. त्यावरील सात उपकरणांपैकी सूर्याची अतिनील चित्रे घेणारे उपकरण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने घडले, ही गोष्ट या सभागृहात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. यान जागेवर जाऊन चार महिने होतात न होतात तोच १० व ११ मे २०२४ रोजी दोन दशकांतील सर्वांत प्रखर चुंबकीय वादळ आले. लडाखमध्ये हान्ले येथील आकाशात त्या रात्री तांबूस प्रकाश दिसला.

ज्या तरुणांस या कामात हात घालावयाचा असेल त्यांनी परवानगीची वा मोठ्या यंत्रसामग्रीची वाट पाहण्याचे कारण नाही. विंडच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. आदित्यच्या नोंदीही जानेवारी २०२५ पासून इस्रोने खुल्या केल्या आहेत. तीन ओळी-तीन रकान्यांचे कोष्टक सोडविणे पदवीच्या गणितात बसते. आरंभ १० व ११ जानेवारी १९९७ च्या मेघापासून करावा, असे आम्ही सुचवू. क्षेत्र दक्षिणेकडून उत्तरेकडे इतके संथ व स्वच्छ वळते की तिन्ही खुणा डोळ्यांनीच ओळखाव्यात. तेथे अक्ष काढावा, आयगेन मूल्यांचे प्रमाण शेजारी लिहावे, नोंदीचा आरंभ व शेवट अर्धा तास पुढेमागे सरकवून उत्तर किती हलते ते पाहावे. ते फार हलले तर अक्षावर विश्वास ठेवू नये. हे जमल्यावर मग मे २०२४ ची नोंद उघडावी. तेथे सूर्याच्या एकाच डागसमूहातून लागोपाठ सुटलेले मेघ वाटेत एकमेकांवर आदळून चुरडलेले आहेत. दोर कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, यावर अजून तज्ज्ञांचेही एकमत झालेले नाही.